'आउसबिल्डुंग'मधलं 'बिल्डुंग' म्हणजे काय?

गेल्या दोनेक वर्षांत 'आउसबिल्डुंग' हा शब्द महाराष्ट्रात चांगलाच रुळलाय. एसटी स्टँडच्या भिंतींवर, कॉलेजच्या फाटकाशी, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एकच जाहिरात दिसते : जर्मनीत आउसबिल्डुंग, शिकता शिकता पगार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून तालुक्याच्या गावांतही जर्मनचे क्लास निघाले. मी पुण्यात जर्मन शिकवते. संध्याकाळच्या बॅचमध्ये निम्मी मुलं-मुली नर्सिंगच्या आउसबिल्डुंगसाठी येतात.

त्यातलीच एक, साताऱ्याकडची, बारावी सायन्स झालेली. वर्ग सुटल्यावर पाठीला सॅक लावून टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, आउसबिल्डुंग म्हणजे ट्रेनिंग. पण त्यातला 'आउस' काढला की 'बिल्डुंग' उरतं, आणि डिक्शनरीत त्याचा अर्थ शिक्षण दिलाय. 'एर्त्सीउंग'चाही अर्थ शिक्षणच. एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द कशाला?"

मी दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. पण या शब्दात जर्मनीचा अडीचशे वर्षांचा इतिहास दडलाय, त्यातलं चांगलं आणि भयंकर असं दोन्ही. तो दहा मिनिटांत मावत नाही. म्हणून हा लेख.

शब्द उकलून बघू

'बिल्ड' म्हणजे चित्र, प्रतिमा, रूप. 'बिल्डन' म्हणजे रूप देणं, घडवणं. त्याचं नाम 'बिल्डुंग', म्हणजे घडण. मराठीत आपण 'जडणघडण' म्हणतो, तो याच्या सगळ्यांत जवळचा शब्द. 'शिक्षण' हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

आता तिघांतला फरक. 'एर्त्सीउंग'च्या पोटात 'ओढणं' हे क्रियापद आहे. वेलीला ओढून मांडवावर चढवावं तसं मोठ्यांनी लहानांना वळण लावणं. 'आउसबिल्डुंग' म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी तयार होणं : नर्स, इलेक्ट्रिशियन, बेकर. तिला सुरुवात असते, शेवट असतो, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असतं. आणि 'बिल्डुंग' म्हणजे माणसानं माणूस म्हणून घडत जाणं. वाचून, प्रवास करून, चुका करून, इतरांशी बोलून आपल्या आत जे जे आहे ते फुलवणं. तिला शेवट नाही आणि ती दुसऱ्या कुणाला तुमच्यासाठी करता येत नाही.

मराठीला हा फरक नवा नाही. आपल्याकडे 'घडवणं' आहे आणि 'घडणं'ही आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. त्या म्हणीत दगड एकाचा आणि टाकी दुसऱ्याच्या हातात. बिल्डुंगच्या कल्पनेत टाकी दगडाच्याच हातात दिलेली आहे. हे अवघड आहे, आणि म्हणूनच त्यावर एवढं लिहिलं गेलं.

देवाच्या प्रतिमेपासून हायड्रापर्यंत

शब्दाचं मूळ धार्मिक आहे. देवानं माणूस आपल्या प्रतिमेसारखा निर्माण केला, असं बायबल सांगतं. ती प्रतिमा माणसाच्या आत झाकली गेलीय, ती पुन्हा उजळायची, हा मध्ययुगातल्या जर्मन साधकांचा ध्यास होता. त्यांतला सगळ्यांत मोठा माइस्टर एकहार्ट. १२६० च्या सुमाराला जन्मलेला हा धर्मगुरू लॅटिनबरोबरच लोकांच्या जर्मनमध्येही प्रवचनं द्यायचा. मनातल्या इतर सगळ्या प्रतिमा पुसून टाकायच्या, म्हणजे तिथं देवाचं रूप उमटतं, हा त्याच्या सांगण्याचा गाभा. 'बिल्ड'पासून तयार केलेले शब्द तिथं ठायी ठायी येतात. तेव्हा घडवणारा देव होता आणि माणसानं फक्त मोकळं व्हायचं होतं.

अठराव्या शतकात हे पारडं फिरलं. घडवणारी शक्ती बाहेर नसून आतच आहे, असं लोक म्हणू लागले. त्याला निसर्गशास्त्रातूनही बळ मिळालं. ग्योटिंगनचा शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख गोड्या पाण्यातल्या हायड्रावर प्रयोग करत होता. आपण शाळेत जीवशास्त्रात वाचलेला तोच हायड्रा. त्याचा तुकडा कापला की उरलेल्या भागातून पुन्हा पूर्ण प्राणी तयार होतो, फक्त आकारानं थोडा लहान. बाहेरून कुणी सांगत नाही, तरी सजीवाला स्वतःचं रूप पूर्ण करायची ओढ असते. १७८१ मध्ये त्यानं त्या ओढीला नाव दिलं 'बिल्डुंग्सट्रीब', घडणीची प्रेरणा. हेर्डरसारखे विचारवंत तोवर माणसाबद्दल आणि समाजांबद्दल बीज, अंकुर, झाड याच भाषेत बोलायला लागले होते.

तरीही शब्द घराघरांत पोहोचला नव्हता. १७८४ मध्ये बर्लिनच्या एका मासिकात मोझेस मेंडेलसोननं लिहिलं की प्रबोधन, संस्कृती आणि बिल्डुंग हे शब्द आपल्या भाषेत नुकतेच आलेले पाहुणे आहेत, अजून पुस्तकी भाषेतच राहतात.

हे लिहिणारा कोण होता, तेही बघायला हवं. मेंडेलसोन देसाऊच्या गरीब ज्यू घरातला. १७४३ मध्ये, चौदाव्या वर्षी, आपल्या गुरूमागोमाग बर्लिनला आला. ज्यूंना तेव्हा शहरात राहायलाही परवाना लागे. रेशमाच्या कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता तो तत्त्वज्ञ झाला. १७६३ मध्ये बर्लिनच्या अकादमीच्या निबंधस्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि दुसऱ्या क्रमांकावर तत्त्वज्ञ इमानुएल कांट होता. माणसाची किंमत जन्मानं ठरत नाही, त्यानं स्वतःला काय घडवलं यानं ठरते, हे त्याच्या आयुष्याकडे बघून लोकांना पटायला लागलं. जर्मन ज्यूंनी पुढं बिल्डुंगवर एवढा जीव का टाकला, ते इथं कळतं.

व्यापाऱ्याच्या मुलाची उमेदवारी

बिल्डुंग सामान्य वाचकापर्यंत पोहोचली ती एका कादंबरीतून. जर्मन महाकवी ग्योथेची 'विल्हेल्म माइस्टर्स लेरयारं' १७९५-९६ मध्ये आली. नावाचा अर्थ 'विल्हेल्म माइस्टरची उमेदवारीची वर्षं'. सुताराच्या किंवा लोहाराच्या हाताखाली मुलगा शिकायला राहतो, तीच उमेदवारी. नायकाचं आडनाव 'माइस्टर', म्हणजे उस्ताद. एका उस्ताद आडनावाच्या पोराची उमेदवारी, पण कुठल्या धंद्यातली? जगण्याच्या.

विल्हेल्म व्यापाऱ्याचा मुलगा. लहानपणी नाताळला आईनं कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणला आणि पोरगा नाटकवेडा झाला. बापाला ते पसंत नाही. मोठा झाल्यावर वसुलीच्या कामासाठी घराबाहेर पाठवलेला हा मुलगा फिरत्या नटमंडळींत सामील होतो. इकडं वडील वारतात. त्याचा मित्र आणि मेहुणा वेर्नर पत्र लिहितो : परत ये, पैसा गुंतवू. वेर्नर वाईट माणूस नाही. दुहेरी नोंदीचं हिशेबलेखन त्याला माणसाच्या बुद्धीचा सुंदर आविष्कार वाटतो, आणि ते तो मनापासून बोलतो.

विल्हेल्मचं उत्तर हे या विषयातलं सगळ्यांत प्रसिद्ध पत्र आहे. मी जसा आहे तसा, सगळाच्या सगळा स्वतःला घडवावं, ही लहानपणापासून माझी अंधूक इच्छा होती, असं तो लिहितो. पुढं त्याचं दुखणं येतं. सरदारघराण्यातल्या माणसाला तू कोण आहेस असं विचारतात; आपल्यासारख्याला तुझ्याकडे काय आहे, तुला काय येतं, एवढंच विचारतात. आपल्याला एकाच बाबतीत उपयोगी पडायचं असतं, म्हणून बाकीचं सगळं खुडून टाकावं लागतं.

मुलाला पाचवीपासून फाउंडेशन कोर्सला घातलेल्या कुठल्याही घरात हे पत्र वाचून दाखवा, समजावून सांगावं लागणार नाही.

मग विल्हेल्म मोठा नट होतो का? नाही. 'हॅम्लेट' करतो, थोडं नाव मिळवतो आणि हळूहळू त्याला उमगतं की आपण नट नाही. प्रेमात चुकतो, माणसं ओळखायला चुकतो. शेवटी कळतं की काही सुज्ञ लोकांचं एक मंडळ दुरून त्याच्यावर नजर ठेवून होतं. त्यांनी त्याला अडवलं मात्र नाही, कारण चूक पुरती भोगल्याशिवाय माणूस तिच्यातून बाहेर पडत नाही, असं ते मानतात. त्यांच्या बुरुजात तो जातो तर तिथं अनेकांच्या उमेदवारीच्या गुंडाळ्या रचून ठेवलेल्या, आणि त्यांत एक त्याच्या स्वतःच्या नावाची! मला ही कादंबरीतली सगळ्यांत सुंदर जागा वाटते. आपलंच आयुष्य दुसऱ्या कुणीतरी नीट वाचलेलं हातात पडावं, तसं ते आहे.

अशा कादंबऱ्यांना पुढं 'बिल्डुंग्सरोमान' म्हणू लागले, म्हणजे माणसाच्या घडणीची कादंबरी. कार्ल मॉर्गनश्टेर्न या प्राध्यापकानं हा शब्द व्याख्यानांत वापरला आणि १८७० नंतर डिल्टाय या तत्त्वज्ञामुळे तो रूढ झाला. गोटफ्रीड केलरपासून थोमास मानपर्यंत अशा कादंबरीकारांची मोठी रांग आहे. मराठी वाचकाच्या ओळखीची हेर्मान हेसेची 'सिद्धार्थ' (१९२२) त्याच कुळातली. गुरू समोर असताना, साक्षात बुद्ध समोर असताना, सिद्धार्थ त्यांचं शिष्यत्व नाकारून निघून जातो, कारण घडण दुसऱ्याकडून घेता येत नाही.

पण ग्योथे तिथं थांबला नाही, आणि ही गोष्ट बहुतेकजण विसरतात. १८२९ मध्ये, म्हातारपणी, त्यानं विल्हेल्मची पुढची कथा पुरी केली. तीत विल्हेल्मला सांगितलं जातं की आता एकच काम नीट शिकण्याचे दिवस आलेत. तो शल्यवैद्य होतो. तेव्हा तो विद्यापीठातला मान नव्हता. जखमा बांधणं, शीर उघडणं ही हातानं करायची कारागिरी होती. कादंबरीच्या शेवटी त्याचा मुलगा फेलिक्स घोड्यासकट नदीत कोसळतो. बाहेर काढतात तेव्हा निपचित. विल्हेल्म त्याची शीर उघडतो, रक्त वाहू लागतं आणि मुलगा डोळे उघडतो. स्वतःला सगळाच्या सगळा घडवायला निघालेल्या माणसाला ग्योथेनं अखेर एक हातचं काम दिलं, आणि त्याच कामातून पोटचं पोर वाचवायला लावलं.

हरलेल्या देशानं शाळांकडे का पाहिलं?

कादंबरी वेगळी आणि सरकारी धोरण वेगळं. ही उडी कशी पडली, ते बघू.

१७९५ मध्येच कवी-नाटककार शिलरनं माणसाच्या सौंदर्यशिक्षणावर पत्रमालिका छापली. फ्रान्समध्ये स्वातंत्र्याच्या नावानं सुरू झालेली क्रांती गिलोटिनपर्यंत गेली होती. कायदे बदलले, पण माणसं तयार नव्हती, असं शिलरचं म्हणणं. नव्या काळातला माणूस एका तुकड्याला जखडलाय. आपण फिरवतो त्या चाकाचा एकसुरी आवाज सतत कानात, म्हणून तोही तुकडाच होऊन बसतो. कारखाने जर्मनीत धड आलेही नव्हते, तेव्हा हे लिहिलंय.

मग आलं १८०६. येना आणि आउअरश्टेटच्या लढाईत नेपोलियननं प्रशिया या जर्मन राज्याची दाणादाण उडवली. पुढच्या वर्षीच्या तहात जवळजवळ अर्धा मुलूख गेला, हाले शहरातलं विद्यापीठही गेलं. राष्ट्रानं शरीरानं गमावलेलं बुद्धीनं भरून काढायला हवं, असं राजा म्हणाल्याचं सांगतात. ते काम पडलं विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या अंगावर.

हुम्बोल्ट रोममध्ये राजदूत होता, तिथं सुखात होता. हे पद त्याला नकोच होतं. फेब्रुवारी १८०९ ते जून १८१० असे जेमतेम सोळा महिने तो शिक्षणखात्याचा प्रमुख होता. तेवढ्यात त्यानं प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि विद्यापीठ अशी एकच शिडी आखली आणि बर्लिनचं विद्यापीठ मंजूर करून घेतलं. १८१० च्या शरद ऋतूत उंटर डेन लिंडन रस्त्यावरच्या एका राजवाड्यात सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांनिशी ते सुरू झालं, तेव्हा तो दुसऱ्या नेमणुकीवर निघूनही गेला होता.

त्याचा विचार दोन वाक्यांत सांगता येतो. आधी माणूस घडू दे, मग धंद्याचं शिक्षण. माणूस नीट घडला तर धंदा तो सहज शिकेल आणि बदलू शकेल. आणि विद्यापीठात शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, दोघंही ज्ञानासाठी असतात, न सुटलेले प्रश्न बरोबरीनं सोडवण्यासाठी. संशोधन आणि अध्यापन एकाच छपराखाली हवं, असं आज आपण गृहीत धरतो, त्या कल्पनेला मोठं बळ या विद्यापीठानं दिलं.

हुम्बोल्टनं सांगितलं तसं स्वतः केलं. पन्नाशी ओलांडल्यावर तो संस्कृत शिकला. १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत त्यानं भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली आणि त्यांवर तत्त्वज्ञ हेगेलनं लांबलचक परीक्षण लिहिलं. त्याच्या लेखी बिल्डुंग म्हणजे 'मी' आणि जग यांच्यातली देवाणघेवाण जितकी मोकळी, जितकी व्यापक होईल तितकी करणं. खोलीचं दार लावून स्वतःकडे बघत बसणं नव्हे.

आणखी एक धागा थेट आपल्याकडे येतो. राज्यसंस्थेनं माणसाच्या आयुष्यात किती ढवळाढवळ करावी, यावर हुम्बोल्टनं तरुणपणी एक पुस्तक लिहिलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये पूर्ण छापलं गेलं. त्यातलंच वाक्य इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं स्वातंत्र्यावरच्या आपल्या १८५९ च्या ग्रंथाच्या सुरुवातीला घातलं : माणसाची त्याच्या सगळ्या विविधतेनिशी वाढ, हेच सर्वांत महत्त्वाचं. आणि मिल मनापासून वाचणाऱ्या मराठी माणसांत गोपाळ गणेश आगरकर होते. रूढीपेक्षा व्यक्तीच्या विवेकाला मोठं मानणारे 'सुधारक'मधले त्यांचे लेख वाचताना त्या मागच्या धाग्याची आठवण ठेवावी.

हे आपले संस्कारच की!

हा आक्षेप मी वर्गात हमखास ऐकते. साम्य आहे. केवळ माहिती म्हणजे शहाणपण नव्हे, हे दोन्हीकडे मान्य. 'सुशिक्षित' आणि 'सुसंस्कृत' हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, ते उगाच नाहीत.

फरक असा की संस्कार होतात किंवा केले जातात. आईवडील करतात, घर करतं. काय चांगलं ते आधीच ठरलेलं असतं. बिल्डुंगमध्ये काय व्हायचं ते आधी ठरलेलं नसतं, आणि घरून मिळालेलं तपासून बघणं, प्रसंगी सोडून देणं, हाही तिचा भाग असतो. विल्हेल्म घर सोडतो, सिद्धार्थ घर सोडतो. संस्कारांच्या भाषेत ते बिघडले असं म्हणता येईल. संस्कार म्हणजे पेरणीआधीची मशागत, असं मी मुलांना सांगते. ती हवीच. पण मशागतीला पीक समजू नये.

पोट भरलेल्यांची चैन नाही का ही?

हा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि बऱ्याच अंशी खरा ठरला.

हुम्बोल्टचं मूळ म्हणणं तसं नव्हतं. १८०९ च्या शाळायोजनेत त्याचं एक वाक्य आहे, ते मी वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवते : ग्रीक शिकलेलं असणं सुताराला निरुपयोगी ठरणार नाही, जसं टेबल बनवता येणं विद्वानाला निरुपयोगी ठरणार नाही. दोन्ही बाजू बघा. सुतारालाही होमर हवा आणि प्राध्यापकाच्या हातालाही रंधा हवा.

प्रत्यक्षात झालं उलटं. शिडी एक राहिली नाही. ग्रीक-लॅटिन शिकवणारी गिम्नाझियम ही साहेबांच्या, वकिलांच्या, पाद्रींच्या मुलांची शाळा झाली. त्यातून एक वर्गच तयार झाला. पैशानं नव्हे, पण पदवीनं आणि ग्योथेच्या अवतरणांनी ओळखला जाणारा. ठरावीक इयत्तेपर्यंत शिकलेल्या आणि स्वतःचा खर्च उचलू शकणाऱ्या तरुणाला सैन्यात तीनऐवजी एकच वर्ष काढावं लागे, इतकी ती शाळा दर्जाशी जोडली गेली. बायकांना तर प्रशियाच्या विद्यापीठांची दारं रीतसर उघडली ती १९०८ मध्ये. बर्लिनचं विद्यापीठ तेव्हा ९८ वर्षांचं होतं. आजही बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतरच, दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्या देशानं 'माणूस आधी, धंदा नंतर' हे सांगितलं, तिथंच हे चालतं. मला ते मुळीच पटत नाही.

तत्त्वज्ञ नीट्शेनं १८७३ मध्येच या वर्गावर आसूड ओढला. पुस्तकांनी कपाटं भरलेली, अभिजात संगीत ऐकणारी आणि आपली घडण पूर्ण झालीय असं समजणारी माणसं. घडण पूर्ण झाली असं वाटणं, हाच तिचा शेवट.

पण ही कल्पना दुसऱ्या बाजूनंही पकडली गेली. आउगुस्ट बेबेल लाकडाच्या कातकामाचा कारागीर. १८६१ मध्ये तो लाइपझिगच्या कामगारांच्या शिक्षणमंडळात दाखल झाला. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी वाचन, व्याख्यानं, वादविवाद. पुढं तो जर्मनीच्या समाजवादी पक्षाचा सर्वांत मोठा नेता झाला आणि स्त्रीमुक्तीवर त्यानं लिहिलेलं १८७९ चं पुस्तक घरोघर वाचलं गेलं. हुम्बोल्टचा ग्रीक शिकलेला सुतार असा प्रत्यक्षात आला, फक्त सरकारी शाळेतून नव्हे, कामगारांच्या मंडळातून. म्हणून मला ही चैन आहे असं म्हणवत नाही. चैन करून टाकली गेली, असं म्हणेन.

मग बुखेनवाल्ड कसं झालं?

या प्रश्नाला बगल देऊन बिल्डुंगबद्दल बोलता येत नाही.

ग्योथे आणि शिलरचं गाव वायमार. गावाबाहेर एटर्सबेर्ग नावाची टेकडी, ग्योथे तिथं फिरायला जायचा. जुलै १९३७ मध्ये नाझींनी त्या टेकडीवर छळछावणी उभारली. आधी तिचं नाव टेकडीवरूनच पडणार होतं. पण वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळानं हरकत घेतली : एटर्सबेर्गशी ग्योथेची आठवण जोडलेली आहे! छावणीला हरकत नव्हती, नावाला होती. म्हणून नाव पडलं बुखेनवाल्ड, 'बीच वृक्षांचं रान'. सुमारे ५६,००० माणसं तिथं मेली. रान तोडताना एक जुना ओक राखला होता, कैदी त्याला ग्योथेचा ओक म्हणत. ऑगस्ट १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. बुंधा अजून आहे.

घडणीची एवढी परंपरा, मग हे का? एक उत्तर मला पटतं. बिल्डुंग फार आत वळली. कविता, संगीत, स्वतःचा आत्मा यांत ती रमली आणि राजकारण ही खालच्या दर्जाची गोष्ट मानू लागली. थोमास माननं १९१८ मध्ये राजकारणापासून अलिप्त राहण्याच्या बाजूनं जाडजूड पुस्तकच लिहिलं. चारच वर्षांनी त्याचा विचार बदलला आणि तो प्रजासत्ताकाच्या बाजूनं जाहीरपणे उभा राहिला, पण तेवढी मजल फार थोड्यांनी मारली. जगाशी मोकळी देवाणघेवाण ही हुम्बोल्टची निम्मी व्याख्याच गळून पडली होती. १० मे १९३३ ला पुस्तकांची होळी झाली ती त्याच्याच विद्यापीठासमोरच्या चौकात, आणि होळीत विद्यार्थी पुढं होते. त्याच वर्षी विद्यापीठाचा प्रमुख झाला ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता मानववंशशास्त्रज्ञ.

फिशरचं नाव एका मराठी विद्यार्थिनीच्या गोष्टीतही येतं. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक हेच फिशर. वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजून उजव्या-डाव्या बाजूंतला फरक बघायचा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. युरोपीय कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी वरचढ, हे त्यातून निघावं अशी गुरूची धारणा. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी ही मुलगी. तिनं मोजमाप केलं, आणि वंशाप्रमाणे असा काही फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. पुढं 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या थोरामोठ्यांकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला त्या प्रबंधातच दिसते. तिथले प्राध्यापक, ग्रंथालयं, पदव्या यांतलं काहीही माणसाला वाचवत नाही, हे फिशरवरून कळतं. आणि त्याच खोलीत बसून माणूस स्वतःची नजर घडवू शकतो, हे इरावतीबाईंवरून.

आउसबिल्डुंगला निघालेल्यांसाठी

जर्मनीत नर्सिंगची आउसबिल्डुंग तीन वर्षांची असते. २०२० पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे वर्गात २,१०० तास आणि प्रत्यक्ष रुग्णांजवळ २,५०० तास. मोठ्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, बेडसोअर कसा टाळायचा, हे सगळं तिथं शिकवतील. पण मरणाच्या दारातल्या परक्या म्हातारीशी तिच्या भाषेत काय बोलायचं, हे त्या तासांत पुरतं मावत नाही. पदरी जे वाचन, जी माणसं, जी समज असेल तिच्यातूनच ते येतं. म्हणून एजंट जेव्हा माझ्या मुलांना सांगतात की बी-टू पातळीची परीक्षा पास होण्यापुरतंच जर्मन शिका, तेव्हा मला राग येतो. या मुलांना शल्यवैद्य विल्हेल्म भेटला पाहिजे. सुताराचं ते वाक्य त्यांचंच आहे.

गेल्या आठवड्यात 'मी जर्मनीला का जाणार' यावर निबंध लिहायला दिला होता. साताऱ्याच्या मुलीचं पहिलं वाक्य होतं, 'इश म्योश्टे मिश आउसबिल्डन लासन', मला प्रशिक्षण घ्यायचंय. शब्दशः बघितलं तर 'मला दुसऱ्यांकडून तयार करवून घ्यायचंय'. 'लासन' म्हणजे करवून घेणं. बरोबर होतं. पुढचं वाक्य 'उंड इश म्योश्टे मिश बिल्डन'. आता इथं हिचं 'लासन' राहिलं, असं वाटून माझा लाल पेन खाली आला. मग समासाकडे लक्ष गेलं. तिथं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं : इथे लासन नाही.

मी बरोबरची खूण केली.